तीन दाढा गेल्यात, पण जेवण चालू आहे: दात बसवायचे की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याजवळच्या गावात राहणाऱ्या तुमच्या आई 61 वर्षांच्या आहेत. खालच्या जबड्यातल्या तीन दाढा नाहीत. उजवीकडची एक सहा वर्षांपूर्वी काढली, डावीकडच्या शेवटच्या दोन दहा महिन्यांपूर्वी. उजवीकडच्या मोकळ्या जागेमागच्या दाढेत जुनी चांदी भरलेली आहे. मधुमेह आहे, तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 8.4 आली आहे. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. एका डॉक्टरांनी तीन इम्प्लांट, म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात, असं सांगितलं. दुसऱ्यांनी उजवीकडे ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांवर कॅप घालून मधे जोडलेला खोटा दात, आणि डावीकडे काढता-घालता येणारी कवळी सांगितली. आई म्हणतात, मला जेवता येतंय, काही नको. आणि तुम्हाला कुणीतरी सांगितलंय की आत्ता केलं नाही तर हाड झिजून जाईल आणि पुढे काहीच करता येणार नाही.

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. जागा भरायची का, हा पहिला. कशाने भरायची, हा दुसरा. दोन्ही डॉक्टरांनी तुम्हाला दुसऱ्याचं उत्तर दिलं, म्हणून गोंधळ झाला. मोकळी जागा हा काही स्वतः आजार नाही. तिच्यामुळे खाणं बदललं असेल, बाकीचे दात सरकत असतील किंवा बोलताना-हसताना संकोच वाटत असेल, तर ती भरायची. आणि भरायची ठरली तरी आधी उरलेलं तोंड निरोगी हवं. आईंच्या बाबतीत माझा सगळा भर या शेवटच्या वाक्यावर आहे. का ते पुढे सांगतो.

आधी दातांचे नंबर समजून घ्या, म्हणजे फाईल वाचता येईल. तोंडाचे चार भाग करतात: वरचा उजवा 1, वरचा डावा 2, खालचा डावा 3, खालचा उजवा 4. प्रत्येक भागात मधल्या पटाशीच्या दातापासून मागे मोजत जायचं, 1 ते 8. त्यामुळे आईंच्या उजवीकडची गेलेली दाढ 46, तिच्या मागची चांदीवाली 47, पुढची उपदाढ 45. डावीकडच्या गेलेल्या दोन म्हणजे 36 आणि 37. आठ नंबर म्हणजे अक्कलदाढ. ती हिशेबात धरत नाहीत.

आता जेवणाचं. किती दात आहेत यापेक्षा किती दात एकमेकांवर बसतात हे महत्त्वाचं. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या प्रा. कायझर यांनी 1981 मध्ये एक हिशेब मांडला, तो अजूनही कामाचा आहे. वर-खाली एकमेकांवर बसणारी उपदाढांची जोडी म्हणजे एक गुण, दाढांची जोडी म्हणजे दोन गुण. समोरचे दात शाबूत असतील आणि मागे असे निदान चार गुण, शक्यतो दोन्ही बाजूंना मिळून, शिल्लक असतील तर बहुतेकांचं चावणं ठीक चालतं. आईंचे वरचे दात सगळे आहेत असं धरतो. उजवीकडे दोन उपदाढांचे दोन गुण आणि 47 चे दोन, एकूण चार. डावीकडे फक्त दोन उपदाढांचे दोन. बेरीज सहा. म्हणजे "मला जेवता येतंय" हे आईंचं म्हणणं हट्टाचं नाही, गणितात बसणारं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनंही म्हातारपणापर्यंत निदान 20 नैसर्गिक दात राहावेत असंच उद्दिष्ट ठेवलं होतं. पूर्ण 28 किंवा 32 असलेच पाहिजेत असं नव्हे.

तरी "जेवता येतंय" हे एकदा तपासा, कारण माणूस नकळत खाणं बदलतो आणि त्याला ते कळतही नाही. घरच्या घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. पाच-सहा भाजलेले शेंगदाणे घ्या. आईंना ते फक्त उजव्या बाजूने वीस वेळा चावायला सांगा आणि न गिळता पांढऱ्या बशीत काढायला सांगा. चूळ भरून तेच डाव्या बाजूने. दोन्ही बशा शेजारी ठेवून बघा. रव्यासारखा भरड चुरा असेल तर ती बाजू काम करतेय. अर्धे-पाव तुकडे तसेच दिसत असतील तर ती बाजू नुसती घास फिरवतेय. त्याच्या जोडीला ताटाकडे लक्ष द्या. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खाणं वाढलंय का? काकडी, गाजर, मोड आलेली कडधान्यं, पेरूची फोड बाजूला राहते का? मधुमेह असलेल्या माणसाचा चोथ्याचा आहार कमी होऊन मऊ भात, चहात बुडवलेली बिस्किटं वाढली की साखरेवर त्याचा परिणाम होतोच. असं होत असेल तर जागा भरण्याचं कारण पक्कं झालं. होत नसेल तर घाई नाही.

दुसरी गोष्ट, सरकणं. खालची दाढ गेली की समोरची वरची दाढ हळूहळू खाली उतरते आणि मागची दाढ पुढे कलते. हे खरं आहे, पण त्याची भीती जरा जास्त दाखवली जाते. अनेकांत हे उतरणं एक-दोन मिलिमीटरवर थांबतं, काहींत जवळजवळ होतच नाही. जे व्हायचं ते बरंचसं पहिल्या काही वर्षांत होतं. 46 जाऊन सहा वर्षं झाली आहेत. तेव्हा तिथे आता अंदाज बांधायची गरज नाही, सरळ बघायचं. वरची 16 शेजारच्या दातांच्या रेषेत आहे की खाली आलीय? 47 किती कलली आहे? 45 आणि 47 मधली जागा किती मिलिमीटर राहिली? खालची पहिली दाढ रुंदीला सुमारे 11 मिलिमीटर असते. जागा 7 पेक्षा कमी उरली असेल तर तिथे नेहमीच्या मापाचा इम्प्लांट बसतच नाही, आणि बहुतेक वेळा काही बसवायची गरजही नसते. डावीकडे मात्र दहाच महिने झालेत, तिथल्या वरच्या 26 आणि 27 वर लक्ष ठेवावं लागेल.

आता हाडाचं. दात काढल्यावर जबड्याचं हाड आकसतं, ही गोष्ट शंभर टक्के खरी. पण कधी आकसतं ते बघा. पहिल्या वर्षात रुंदी जवळजवळ निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते आणि त्यातला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतला असतो. त्यानंतर वेग अगदी मंदावतो. उजवीकडे सहा वर्षं आणि डावीकडे दहा महिने उलटून गेलेत. मोठी झीज होऊन गेली आहे. आणखी चार-सहा महिने थांबल्याने इम्प्लांटची संधी जात नाही. "लगेच करा नाहीतर हाड जाईल" हे वाक्य दाढ काढायच्या दिवशी म्हटलं तर त्यात तथ्य असतं, कारण तेव्हा खड्ड्यात हाडाची पूड भरून झीज कमी करता येते. आज आईंना ते लागू नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. ब्रिज किंवा कवळीने हाडाची झीज थांबत नाही. कवळीच्या दाबाने उलट ती थोडी वाढू शकते. हाड धरून ठेवतो तो फक्त इम्प्लांट, तोही त्याच्या भोवतीपुरता.

मग थांबायचं कशासाठी? साखर, हिरड्या आणि मिश्रीसाठी.

8.4 या आकड्यावर मी इम्प्लांटची शस्त्रक्रिया करत नाही. 7 च्या आसपास आली की निर्धास्त करता येते, साडेसात-पावणेआठपर्यंत बाकीचं सगळं चांगलं असेल तर विचार करता येतो, 8 च्या वर पुढे ढकलायची. साखर जास्त असताना जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि टायटॅनियमला हाड धरण्याची प्रक्रिया मंदावते. हा साखरेचा संबंध उलट दिशेनेही आहे. हिरड्यांचा जुना आजार, ज्याला आपल्याकडे सर्रास पायोरिया म्हणतात, तो साखर वर ठेवतो. हिरड्यांचे नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी साधारण 0.4 ने उतरू शकतं. एखाद्या गोळीच्या परिणामाशी तुलना करावी इतकं हे मोलाचं आहे, आणि दात बसवा अगर न बसवा, ते मिळतंच.

त्यासाठी डॉक्टरांना हिरडीचे पॉकेट मोजायला सांगा. दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत बारीक मापपट्टी घालून प्रत्येक दाताच्या सहा जागी मोजतात. 1 ते 3 मिलिमीटर ठीक. 5 किंवा जास्त आणि लावल्यावर रक्त येत असेल तर तिथे नुसतं वरवरचं क्लीनिंग पुरणार नाही, भूल देऊन मुळापर्यंत सफाई करावी लागेल. साधारण दोन ते चार बैठका. मग सहा-आठ आठवड्यांनी परत मोजायचं. "क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात" असं गावात हमखास ऐकाल. दात आधीच सैल झालेले असतात. किटणाच्या थराने ते एकमेकांना चिकटून घट्ट वाटतात, थर निघाला की खरी स्थिती दिसते. हिरड्यांचा आजार तसाच ठेवून इम्प्लांट घातला तर तेच जंतू इम्प्लांटच्या भोवती जातात आणि तिथलं हाड नैसर्गिक दातापेक्षा भराभर खातात.

मिश्री हा विषय बायकांशी बोलताना फार अलगद काढावा लागतो, कारण ती अनेकींच्या सकाळचा भाग असते आणि तंबाखू म्हणून तिच्याकडे कुणी बघतच नाही. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त येणं कमी होतं आणि हिरड्या चांगल्या आहेत असा भास होतो. आतून आजार चालूच राहतो. घासण्याने मुळाजवळ दात खाचतात. आणि जिथे रोज मिश्री लागते तिथे, ओठाच्या किंवा गालाच्या आत, पांढरा चट्टा धरू शकतो. दात बसवण्याच्या गोष्टीआधी डॉक्टरांनी ओठ बाहेर ओढून ती जागा नीट बघायला हवी. दोन आठवड्यांत न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली तर बाकी सगळं थांबवून आधी त्याची तपासणी. एकदम सोडणं जमत नसेल तर आधी संध्याकाळची बंद करा, सकाळची चहानंतर उशिरा ढकलत न्या. शस्त्रक्रिया ठरली तर निदान दोन आठवडे आधीपासून दोन महिने नंतरपर्यंत पूर्ण बंद हवी. खरं तर कायमचीच.

औषधांची यादीही आत्ताच करा. विशेषतः हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची गोळी किंवा वर्षातून-सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन चालू आहे का. अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, डेनोसुमॅब अशी नावं असतील. या औषधांत जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या मात्रेत तो कमी, कॅन्सरसाठीच्या मात्रेत बराच जास्त. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांचं मत घ्या. बहुतेक वेळा त्या चालू ठेवूनच काम होतं.

इथपर्यंतचा हिशेब: साखर, हिरड्या, मिश्री यांना तीन-चार महिने, शेंगदाण्याची चाचणी आणि एक ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दिसणारा एक्स-रे. आता दुसरा प्रश्न, कशाने भरायचं.

उजवी बाजू. 46 च्या पुढे-मागे दात आहेत, म्हणून तिथे ब्रिज आणि इम्प्लांट दोन्ही शक्य. निर्णय होतो तो शेजाऱ्यांवरून. ब्रिजसाठी 45 आणि 47 दोन्ही चोहोबाजूंनी साधारण 1 ते 1.5 मिलिमीटर आणि वरून 1.5 ते 2 मिलिमीटर घासाव्या लागतात. घासलेलं परत येत नाही. 47 मध्ये जुनी मोठी चांदी आहे. तिची एखादी भिंत तडकलेली असेल किंवा कडेला कीड असेल तर तिला कॅप लागणारच आहे, तिथे घासण्याचं काही वाईट वाटायला नको. कळीचा दात 45 आहे. त्यात मोठं सिमेंट किंवा रूट कॅनाल असेल तर ब्रिज हा सरळ, शहाणा पर्याय. 45 कोरी करकरीत असेल तर तिचं चांगलं इनॅमल घासायला मी कचरतो. असे घासलेले जिवंत दात पुढच्या दहा-पंधरा वर्षांत दहा-पंधरांमागे एखादा नस मरून रूट कॅनालला येतो आणि त्यासाठी कॅपला भोक पाडावं लागतं.

47 किती कललीय हेही बघायचं. ती 25 अंशांच्या वर पुढे झुकली असेल तर दोन्ही कॅप एका दिशेने उतरत नाहीत. मग जास्त घासावं लागतं, नस उघडी पडते. ओपीजीवर 47 च्या मुळांची रेष 45 च्या मुळाशी समांतर आहे का हे तुम्हालाही दिसेल.

ब्रिज बिघडतो तो बहुधा मधल्या खोट्या दातामुळे नाही, टेकूच्या दाताच्या कडेने. कॅपची कड आणि मूळ यांच्यामध्ये कीड शिरते, वरून काही कळत नाही, कारण ब्रिज दुसऱ्या टोकाने घट्ट असतो. एका टोकाचं सिमेंट सुटलं की चावताना बारीक चटचट आवाज येतो, कडेने दुर्गंधी येते. हे जाणवलं की त्याच आठवड्यात दाखवायचं. रोज रात्री खोट्या दाताखालून सुपरफ्लॉस (ताठ टोकाचा जाड दोरा) किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश फिरवायचा. हे आईंना आरशासमोर तुम्ही एकदा करून दाखवा. क्लिनिकमधल्या दोन मिनिटांत ते हातात बसत नाही. नीट जपलेला ब्रिज दहा-पंधरा वर्षं टिकतो, बऱ्याचदा जास्तही.

डावी बाजू वेगळी आहे, कारण 37 च्या मागे काही नाही. पुढून टेकू आहे, मागून नाही. ब्रिज म्हणजे पूल, आणि एकाच तीरावर पूल बांधता येत नाही. कुणी 34 आणि 35 वर कॅप घालून मागे एक पूर्ण दाढ लटकवतो म्हणालं तर नको म्हणा. मागच्या दाढेवर चावण्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. तो पहारीसारखा 35 ला उचकटतो. आधी सिमेंट सुटतं, नाहीतर मूळ तडकतं, आणि मग उपदाढही जाते.

काढता-घालता येणारी कवळी इथे तिच्या सगळ्यात अवघड जागी बसते. पुढून दाताला कडी, मागून मऊ हिरडीवर. चावलं की मागचा भाग दाबला जातो, पुढचा उचलला जातो, ती डुलते, आणि कडी दर घासाला 35 हलवते. खालच्या जबड्यात एकाच बाजूच्या दोन दाढांसाठी केलेली अशी कवळी पुष्कळ जण महिन्याभरात डबीत ठेवून देतात, हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे. करायचीच असेल तर कोबाल्ट-क्रोम धातूची ओतीव करा, जिची पट्टी जिभेखालून दुसऱ्या बाजूला जाऊन तिथल्या दातांवरही टेकते. दरवर्षी आतून भरून घ्या, कारण खालचं हाड बदलत राहतं. रात्री काढून पाण्यात ठेवायची. टूथपेस्टने नाही, साध्या साबणाने घासायची, उकळतं पाणी टाकायचं नाही, अ‍ॅक्रिलिक वाकतं. "फ्लेक्सिबल" नावाने मिळणारी गुलाबी नायलॉनची कवळी दिसायला सुरेख असते, पण तिला दातावर टेकणारा कडक आधार नसतो, म्हणून ती हिरडीत रुतत जाते, आणि भरून घेणंही अवघड. मागच्या दाढांसाठी मी ती सुचवत नाही.

राहता राहिला इम्प्लांट, आणि डावीकडे भरायचं ठरलं तर मला तोच योग्य वाटतो. पण दोन नाही. एक, 36 च्या जागी. त्या एका दाढेने तिथले गुण दोनवरून चारवर जातात. 37 परत आणण्याचा खर्च आणि धोका यांच्या मानाने मिळणारा फायदा थोडा आहे. म्हणजे सांगितलेल्या तीनपैकी बहुधा एकाचीच चर्चा करायची आहे, तीही साखर उतरल्यावर.

त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्री-डी स्कॅन हवाच, कारण खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस हाडातून जाते. इम्प्लांटचं टोक आणि तिची नळी यांत निदान 2 मिलिमीटर अंतर लागतं. शेजारच्या दातापासून 1.5 मिलिमीटर. साधारण 4 मिलिमीटर जाडीचा इम्प्लांट बसवायला हाडाची रुंदी 6 ते 7 हवी, इम्प्लांटची लांबी बहुधा 8 ते 10. रुंदी कमी असेल तर हाडाची पूड भरावी लागते. त्याने खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात, हे आधी विचारून घ्या. काम स्वतः अर्ध्या-पाऊण तासाचं, दाढ काढण्याच्या भुलीतच होतं. ड्रिल थंड सलाईनच्या धारेखाली हळू चालवतात, कारण हाड 47 अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी ते मरतं आणि पकड धरत नाही. मग खालच्या जबड्यात साधारण तीन महिने हाड धरू द्यायचं, मधुमेहात मी चार धरतो, आणि त्यानंतर कॅप. कॅप शक्यतो स्क्रूने बसणारी घ्या. सिमेंटने चिकटवली तर हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा कण पुढे पू करतो.

भूल उतरल्यावर, म्हणजे चार-पाच तासांनी, खालचा ओठ-हनुवटी बधिरच राहिली तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. नसेवर दाब असेल तर इम्प्लांट पहिल्या एक-दीड दिवसात मागे घेतल्याने फरक पडतो, नंतर फार कमी. काही महिन्यांनी कॅप हलायला लागली तर आतला स्क्रू सैल झालेला असतो. तो घट्ट करून मिळतो, पण तसंच चावत राहिलं तर स्क्रू मोडतो. आणि इम्प्लांटच्या डबीवरचा स्टिकर, म्हणजे कंपनी, जाडी, लांबी, लॉट नंबर, तो मागून घेऊन फाईलला चिकटवा. प्रत्येक कंपनीचा पेचकस वेगळा असतो. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात स्क्रू घट्ट करायची वेळ आली तर हा कागद नसल्यामुळे अडतं.

दहा वर्षांचा हिशेब धरला तर चांगल्या तोंडात चांगला इम्प्लांट आणि चांगला ब्रिज दोन्ही दहापैकी नऊ किंवा थोडे अधिक टिकतात. तंबाखू चालू, साखर वाढलेली, हिरड्या वाईट, असं असेल तर इम्प्लांटचा आकडा ठळकपणे घसरतो. म्हणूनच क्रम महत्त्वाचा.

खर्चाबद्दल अंदाज हवा असेल तर आपल्याकडे जिल्ह्याच्या गावांत एका इम्प्लांटला कॅपसकट साधारण 25 ते 50 हजार, तीन दातांच्या मेटल-सिरॅमिक ब्रिजला बहुधा 12 ते 20 हजार, झिर्कोनियाच्या, म्हणजे आत धातू नसलेल्या पांढऱ्या ब्रिजला त्याच्या दीड-दोन पट, ओतीव कवळीला 10 हजारांच्या पुढे-मागे असे दर ऐकू येतात. आकडा सांगितला जातो तेव्हा तो कशाकशाचा हे विचारा: इम्प्लांट, वरचा जोड, कॅप, स्कॅन, हाडाची पूड. एखादाच भाग धरून सांगितलेला आकडा स्वस्त वाटतो. तुमच्या अंतरात कराडला कृष्णा विद्यापीठाचं आणि सांगलीला भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे. मुंबईला सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय आणि मुंबई सेंट्रलचं नायर आहे. तिथे वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात, पण प्रोस्थोडॉन्टिक्स, म्हणजे दात बसवण्याच्या विभागात शिक्षकांच्या नजरेखाली काम होतं आणि खर्च बराच कमी येतो.

एका गोष्टीपासून मात्र आईंना जपा. बाजारच्या दिवशी बसणारे, किंवा पाटी लावून "अर्ध्या तासात फिक्स दात" करून देणारे बिनपदवीचे लोक तोंडातच अ‍ॅक्रिलिकची लगदी कालवून शेजारच्या दातांभोवती, कधी तारेने बांधून, लिंपून टाकतात. पहिले काही दिवस बरं वाटतं, कारण खरंच हलत नाही. पण ते निघत नाही, खाली ब्रश जात नाही, घास सडतो, आणि वर्षा-दोन वर्षांत ज्यांना बांधलं ते दोन चांगले दात पू होऊन काढावे लागतात. एक जागा भरायला जाऊन तीन होतात.

आईंचं "काही नको" हे मत मी शेवटी नाही, आधी धरतो. शेंगदाण्याच्या दोन्ही बशा त्यांना स्वतःला दाखवा. चावणं आणि खाणं ठीक असेल तर उजवीकडे 47 ची चांदी तपासून गरज असेल तर कॅप, डावीकडे काहीच नाही, हिरड्यांची सफाई दर चार-सहा महिन्यांनी, एवढ्यावर थांबणं हाही पूर्ण उपचार आहे. अपवाद सांगतो: दात रात्री करकर खात असतील, कानापुढचा सांधा दुखत असेल, किंवा मागे आधार नसल्याने समोरचे वरचे दात फाकून पुढे येत असतील, तर मागची बाजू रिकामी ठेवू नका.

थांबायचं ठरलं तर लक्ष ठेवण्याची सोय आत्ताच करा. पुढच्या भेटीत दोन्ही जबड्यांचं माप देऊन प्लास्टरचे साचे करून मागा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, खर्च किरकोळ. वर पेन्सिलीने तारीख घाला आणि रुमालात गुंडाळून कपाटात ठेवा. वर्षाने पुन्हा करा आणि डाव्या बाजूची वरची 26 दोन्ही साच्यांत शेजारच्या उपदाढेच्या टोकापासून पट्टीने मोजा. अर्ध्या मिलिमीटरच्या आत फरक असेल तर तसंच चालू द्या. एक मिलिमीटर किंवा जास्त उतरली असेल तर 36 ची जागा भरण्याचा निर्णय त्या महिन्यात घ्या, कारण दोन मिलिमीटरच्या पुढे गेली की वरचा चांगला दात घासल्याशिवाय खाली काहीच बसवता येत नाही.